विंडोज मारताना बघायचे काय?

माणसाने समोर न बसता विंडोज बसवण्याच्या पद्धतीला 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' म्हणतात. भाषा, पार्टिशन, युजरचे नाव, पासवर्ड ही सगळी उत्तरे 'ऑटोअनअटेंड.एक्सएमएल' या फाइलमध्ये आधीच लिहून ती पेनड्राइव्हवर ठेवतात. त्यानंतर संगणकाला माणूस लागत नाही. ही या पद्धतीची सर्वांत मोठी सोय, आणि फाइल लिहिणाऱ्याचे सर्वांत मोठे दुःख. चंद्रपूर-गडचिरोलीत या कामाला 'विंडोज मारणे' म्हणतात, आणि मारणारा कोण हे गिऱ्हाइकाला दिसावे लागते. नाहीतर पैसे कशाचे?

एक्सपीच्या काळात सेटअप '३९ मिनिटे बाकी' असे सांगे. त्या मिनिटांचा भिंतीवरच्या घड्याळाशी संबंध जेमतेमच. पण आकडा हलायचा आणि गिऱ्हाईक निर्धास्त चहाला जायचे. पुढे टक्के आले आणि विंडोज ८ पासून गोल फिरणारे ठिपके. ठिपके काम चालू असताना फिरतात आणि काम अडकल्यावरही फिरतात. "भाऊ, चालू हाये ना?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते.

प्रगतीच्या खिडक्या मुख्यतः दोन कारणांनी दडतात. पहिले कारण 'सेटअपकम्प्लीट.सीएमडी'. ही फाइल सेटअप संपल्यावर, पण लॉगिनचा पडदा येण्याआधी, सिस्टिमच्या खात्यातून चालते. तिची एकही खिडकी समोर येत नाही. दुसरे कारण '/क्यूएन' हा स्विच. एमएसआय इन्स्टॉलर त्याने तोंड बंद ठेवून काम करतो. उपाय सोपे आहेत. '/क्यूएन'च्या जागी '/क्यूबी' लिहिले की छोटी प्रगतीपट्टी दिसते. 'सेटअपकम्प्लीट'मधल्या आज्ञा 'फर्स्टलॉगऑनकमांड्स'मध्ये हलवल्या की पहिल्या लॉगिननंतर त्यांच्या काळ्या खिडक्या डेस्कटॉपवर उघडतात. ठिपके फिरत असतानाच आत डोकावायचे असेल तर शिफ्ट आणि एफ-१० एकदम दाबून कमांड प्रॉम्प्ट मिळतो.

या खिडक्या बघणाऱ्यांचे तीन वर्ग पडतात : गिऱ्हाईक, गिऱ्हाइकासोबत आलेला जाणकार, आणि फाइल लिहिणारा. प्रस्तुत लेखक तिसऱ्या वर्गातला. हा वर्ग खिडकी उघडून थांबत नाही. तो 'कलर ०ए' देऊन काळ्यावर हिरवी अक्षरे उमटवतो, 'ड्रायव्हर तपासत आहे…' अशा कोणीही न विचारलेल्या ओळी छापतो आणि त्या वाचून व्हाव्यात म्हणून मध्ये पाच सेकंदांचा 'टाइमआउट' टाकतो. वेळ वाचवणाऱ्या पद्धतीत वेळ असा हौसेने परत भरला जातो. मग हाताची घडी घालून, मधूनमधून मान डोलावत उभे राहायचे. मान डोलावल्याने वेग वाढल्याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये नाही.

लॉग असतो विंडोज फोल्डरमधल्या 'पँथर' नावाच्या फोल्डरात. ताडोबाच्या मुलखात असे नाव वाचले की विषय भरकटणारच. वैशाखात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यालगतच्या मचाणांवर लोक रात्रभर बसतात. चांदण्यात सांबर येते, रानडुकरांचा कळप येतो. वाघ येईलच असे नाही. आपण बसलो म्हणून वाघ येतो, असे कोणी उघड म्हणत नाही. बसणाऱ्याला आतून मात्र तसेच वाटते. वाघाचे खरे खाते पायवाटेच्या धुळीत असते. पूर्वी वनरक्षक पंजाचा ठसा काचेवर गिरवून घेत, प्लास्टरचा साचा काढत. नराचा ठसा चौकोनाकडे झुकणारा, मादीचा लांबट. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात रुळवलेली ही पद्धत देशभर चालली. २००६च्या राष्ट्रीय गणनेपासून कॅमेरा ट्रॅपचा जमाना आला. वाघ न बघता त्याचा माग वाचणारी ती माणसे मचाणावरच्या पाहुण्यांपेक्षा जास्त सांगू शकत.

'सेटअपॲक्ट.लॉग' हा असाच माग. कुठली पायरी कधी झाली ते त्यात वेळेसकट असते. चुका 'सेटअपएर.लॉग'मध्ये; ती फाइल शून्य बाइटची निघाली की समाधान मानावे.

बघण्याची गरज नुसती हौसेची नाही. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे, आणि तरीही त्याच जिल्ह्यात यूपीएस किंचाळायला लागतो. अशा वेळी काम कुठवर आले हे माहीत असावे लागते. माणसांच्या कामात ही गरज आणखी मोठी. २००६च्या वनहक्क कायद्याखालचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. पायऱ्या कायद्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. पण भामरागडहून एसटीने दिवस मोडून आलेल्या माणसाला खिडकीवर 'प्रोसेसमध्ये आहे' एवढेच ऐकू येते, तेव्हा त्याच्यापुढेही ते ठिपकेच फिरत असतात. त्याला दाबायला शिफ्ट-एफ-१० नाही. लॉग कोणाच्या तरी कपाटात असतो, आणि 'आज या, उद्या या'चे भाडे तो स्वतःच्या खिशातून भरतो. संगणकाला माणसाची गरज उरली नाही याचे दुःख करणाऱ्याने ही रांग एकदा बघावी.

शेवटी दोन खबरदाऱ्या. 'पँथर'मध्ये उरणाऱ्या उत्तरफाइलच्या प्रतीतून विंडोज सहसा पासवर्ड पुसून टाकते. पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइलमधून पुसत नाही. ती फाइल दुकानाच्या ड्रॉवरमध्ये सर्वांसाठी ठेवू नये. आणि काम होताच पेनड्राइव्ह काढावा. बूटचा पहिला क्रम यूएसबीला असेल आणि फाइलमध्ये डिस्क पुसण्याची आज्ञा असेल, तर पुढच्या रीस्टार्टला तो सगळे पुन्हा पुसून विंडोज मारायला घेतो, कोणालाही न विचारता. यावेळी खिडक्या मात्र सगळ्या दिसतात.