अर्थिंगवर नाव कुठं लिहायचं?

शाळेतला टीव्ही बंद पडला की पहिला संशय टीव्हीवरच जातो. मुख्याध्यापक त्याच्या पाठीत दोन थापा मारतात, रिमोटचे सेल काढून परत घालतात, पाचवीतला एखादा जाणकार "सर, स्विच बंद करून चालू करा" असा सल्ला देतो. एवढे उपचार थकले की तालुक्याहून मेकॅनिक बोलावला जातो. शाळेचं नाव कशाला घ्या? बुलढाणा जिल्ह्यातली आहे, घाटाखालची आहे, एवढं समजा. घाटावरची समजलात तरी गोष्ट तीच राहते.

मेकॅनिक टीव्ही उघडतच नाही. दारातून भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतो आणि म्हणतो, "सर, टीवीले काई नाई झालं. बिमारी भिंतीत हाय."

मग त्या भिंतीचं निदान सुरू होतं. सॉकेट आहे, पण प्लग नाही. वायरीची दोन टोकं सोलून थेट भोकांत सारलेली, आणि ती निसटू नयेत म्हणून प्रत्येक भोकात काडेपेटीची एकेक काडी ठोकलेली. वीज आणि काडेपेटी यांचं इतकं सलोख्याचं सहजीवन जगात इतरत्र क्वचितच पाहायला मिळेल. तिथून निघालेली वायर खिडकीतून बाहेर पडते, कडुलिंबाच्या फांदीवर टेकते आणि पोषण आहाराच्या खोलीत उतरते. वाटेत चार जोड. एकावर काळी टेप, दुसऱ्यावर जखमेला लावायची पट्टी, तिसऱ्यावर दुधाची पिशवी. चौथा दिगंबर. प्रत्येक जोड वेगळ्या सरांच्या कारकिर्दीतला. बदल्या झाल्या, माणसं गेली, स्मारकं राहिली.

फ्यूजची कथा याहून हृद्य. फ्यूज हा साऱ्या यंत्रणेतला एकमेव असा सेवक, की ज्याची नेमणूकच वेळेवर मरण्यासाठी झालेली असते. पाच अँपिअरच्या फ्यूजमधली तार केसासारखी बारीक असते. भार वाढला की ती वितळते, आणि आपल्या जिवावर बाकीची वायरिंग वाचवते. पण हा त्याग शाळेला परवडत नाही. दर आठवड्याला तार कोण घालणार? म्हणून कुणीतरी गावातला हुन्नरी माणूस मोटरीच्या वाइंडिंगमधली चांगली जाड तार आणून फ्यूजच्या किटकॅटमध्ये पिळून देतो. "आता जल्मात नाई जायचा फ्यूज," अशी ग्वाहीही देतो. ग्वाही शंभर टक्के खरी ठरते. आता फ्यूज जात नाही. गेलं तर छत जाईल.

यानंतर मेकॅनिक थ्री पिनचा तपास करतो. थ्री पिनमधली तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन बाकीच्या दोघींपेक्षा मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते. प्लग लावताना ती सगळ्यांत आधी आत जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी बाहेर यावी, हा लांबीमागचा हिशेब. शाळेत ती आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही, कारण दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून ती केव्हाच मोडलेली असते. संगणक तरीही चालतो. फक्त त्याच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गाळणीसाठी बसवलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्या वाटेनं पेटीवर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून तो नुसता चावतो. मुलांनी हे ज्ञान आपल्या भाषेत कधीच करून घेतलंय : "तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर चावते."

आणि संगणक कक्षाचा पहिला नियम काय? चपला बाहेर काढा. धूळ आत गेली तर यंत्र खराब होतं. यंत्राची एवढी काळजी घेऊन पावसाळ्यातल्या ओल्या फरशीवर अनवाणी पावलं उभी केली जातात. जीव वाचवण्यासाठी बसवतात ते गळती-प्रवाह ओळखणारं स्विच ३० मिलीअँपिअरला तुटतं, कारण त्यापुढे माणसाच्या हृदयाचं काही खरं नसतं. व्हरांड्यातला ९ वॅटचा एलईडी बल्ब यापेक्षा जास्त प्रवाह घेतो. म्हणजे व्हरांडा उजळायला जेवढी वीज लागते, तिच्याहून कमी विजेत घरचा दिवा विझू शकतो.

अर्थिंगचा खड्डा कसा करायचा, हे जुन्या वायरमनला तोंडपाठ असतं : खड्ड्यात मीठ घाला, कोळसा घाला, पाणी मारत राहा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या पट्ट्यात तर निसर्गानं निम्मं काम आधीच करून ठेवलंय. पूर्णेच्या खोऱ्यातली ती खारपाणपट्ट्याची जमीन. मीठ विकत आणायची गरज नाही, विहिरीतून फुकट येतं. प्यायचं पाणी खारं, शेत खारं, फक्त अर्थिंगचा खड्डा तेवढा अळणी. कारण तो खणलेलाच नाही.

तो का खणला जात नाही, याचं उत्तर तंत्रात नसून लोकवर्गणीत आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं आणि शाळा डिजिटल करण्याची लाट आली. गावानं खरोखर हात सैल सोडला. कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर, कुणी टॅब. प्रत्येक वस्तूवर देणगीदाराचं नाव आलं, कै. वडिलांचं स्मरण आलं, नारळ फुटला, फोटो निघाला. आता कल्पना करा, एखाद्या दात्यानं अर्थिंग दिलं. ती वस्तू जमिनीत पुरायची! नाव कुठं घालणार? फीत कुठं बांधणार? खड्ड्याभोवती उभं राहून काढलेला फोटो लोक भलत्याच प्रसंगाचा समजतील.

सरकारी वहीतही वायरीला घर नाही. टीव्ही आला की डेडस्टॉक रजिस्टरला चढतो. त्याला क्रमांक मिळतो, तपासणीत तो दाखवावा लागतो. भिंतीतली वायर कुठल्याच पानावर नसते. म्हणून टीव्ही जळाला तर चौकशी होते, वायर जळाली तर वास येतो. तो वास रजिस्टरला चढवण्याची सोय अजून झालेली नाही.

बरं, पैसा? समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये, १०० पर्यंत पट असेल तर २५ हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, झाडू, कागद, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. बिलाचीही गंमत आहे. २०१२ पर्यंत विजेच्या दरपत्रकात शाळा दुकानदारांच्या रांगेत उभी होती. त्या वर्षी वीज नियामक आयोगानं 'सार्वजनिक सेवा' हा निराळा वर्ग केला. दर बदलला, पण थकबाकी बदलली नाही. डिजिटल झालेल्या शाळांची वीज कापल्याच्या बातम्या महाराष्ट्रानं पुढं अनेकदा वाचल्या. वीज कापलेली शाळा निदान त्या काळापुरती सुरक्षित होती, हे मात्र कुणी छापलं नाही.

सरकारला शाळेच्या विजेची फिकीर नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शाळांची माहिती भरायच्या यू-डायसच्या अर्जात दरवर्षी विचारलं जातं : वीज आहे, नाही, की आहे पण बंद? 'आहे, आणि तीच पंचाईत आहे' हा चौथा पर्याय तेवढा राहून गेला. निवडणुकीत तर शाळेचं भाग्य उजळतं. २६ एप्रिल २०२४ ला बुलढाण्यात लोकसभेचं मतदान झालं, २० नोव्हेंबरला विधानसभेचं. मतदान केंद्रावर उजेड ही निवडणूक आयोगाच्या किमान सुविधांतली एक. मग शेजारच्या घरून वायर ओढली जाते, होल्डर टांगला जातो, लोकशाही लख्ख दिसते. मतदान संपलं की पेट्या जातात, बंदोबस्त जातो. वायर मात्र कडुलिंबावर राहते, पाचव्या जोडाची वाट बघत.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणात डबवालीला एका शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं. मंडपात शॉर्ट सर्किट झालं आणि ४०० हून अधिक माणसं जळून गेली, त्यांत बहुसंख्य मुलं आणि आया. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे विदर्भातच, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्ष पेटला. १० बाळं गेली. इथं थट्टा थांबते.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाडजवळ पिपलोदीत शाळेचं छत कोसळून ७ मुलं दगावली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं दुसऱ्याच दिवशी सगळ्या राज्यांना शाळांच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश दिले. त्यात इमारतीबरोबर वीजजोडणीचाही स्पष्ट उल्लेख होता. बुलढाण्याला तपासणीची पथकं नवी नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडकडच्या लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा थेट आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. पाणी तपासलं, रक्त तपासलं, केससुद्धा तपासले. शाळेची वायर केसांसारखी एकदम गळून पडत नाही. ती लोंबते. लोंबणाऱ्या गोष्टीची सवय होते.

इकडे मेकॅनिकचं काम संपत आलंय. त्यानं कागदावर यादी लिहून दिली : वायर, बोर्ड, थ्री पिन, एमसीबी, अर्थिंग. मुख्याध्यापकांनी ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. "सध्या टीव्हीपुरतं बघा. बिलावर 'टीव्ही दुरुस्ती' लिहा, बाकीच्याला हेड नाही." मेकॅनिकनं मान हलवली, वायरीची टोकं नव्यानं सोलली, आणि स्वयंपाकाच्या ताईंकडं काडेपेटी मागितली.

टीव्ही सुरू झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा गटावर संदेश आला : सुरक्षा तपासणीचा अहवाल आज पाचच्या आत फोटोसह अपलोड करावा. सरांच्या मोबाइलची बॅटरी उतरली होती. त्यांनी चार्जर त्याच बोर्डाला लावला, सैल झालेली काडी बोटानं आत दाबली, आणि फोटोसाठी त्यातल्या त्यात स्वच्छ भिंत शोधायला निघाले.