क्रिम्पर डेड स्टॉकमध्ये आहे

क्रिम्पर हे कपाटात ठेवायचं अवजार आहे, एवढं ज्याला कळत नाही त्याने कम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊ नये.

नेटवर्कच्या जर्नलमधला प्रयोग क्रमांक एक काढा. केबलच्या दोन्ही टोकांना क्रिम्परने दाबून कनेक्टर बसवणे. त्याला 'एम' आहे, 'ॲपरेटस' आहे, दीड पान 'थिअरी' आहे. आठ तारांची आकृती आहे आणि तीत स्केचपेनने रंग भरलेले आहेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. खाली 'कन्क्लूजन': 'थस वी हॅव सक्सेसफुली क्रिम्प्ड द केबल.' साठ विद्यार्थ्यांची साठ जर्नलं, साठही सक्सेसफुली. एवढं यश जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेला मिळत नाही, कारण तिथे प्रयोग करतात.

आपल्याकडे प्रयोग होत नाही, कारण क्रिम्पर डेड स्टॉकमध्ये आहे. त्याच्या मुठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने विभाग, लॅब आणि अनुक्रमांक घातलेला असतो. तो हरवला तर लॅब असिस्टंटच्या पगारातून वसुली, म्हणून लॅब असिस्टंट कपाटाला कुलूप लावतो. किल्ली एचओडींकडे असते आणि एचओडी मीटिंगमध्ये असतात. यात कुणाचाच दोष नाही. वर्षातून एकदा डेड स्टॉक व्हेरिफिकेशन होतं. पडताळणी करणारे गृहस्थ क्रिम्पर बाहेर काढतात, अनुक्रमांक जुळवतात, शेऱ्याच्या रकान्यात 'सुस्थितीत' असं लिहितात आणि तो परत आत ठेवतात. सुस्थितीत असणारच! खंडेनवमीला तो आणखी एकदा बाहेर येतो. त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, विभागातले सगळे त्याच्यामागे उभे राहून फोटो काढतात आणि तो फोटो 'स्टुडंट ॲक्टिव्हिटी' म्हणून वार्षिक अहवालात जातो. चार वर्षांत विद्यार्थ्याला क्रिम्परचं जवळून दर्शन होतं ते या एका मुहूर्तावर, तेही चपला बाहेर काढून.

बरं, एखाद्या नव्या उत्साही मॅडमनी किल्ली मिळवलीच, तरी कनेक्टरचं काय? कनेक्टर डेड स्टॉक नाही, तो 'कन्झ्युमेबल' आहे. एकदा दाबला की त्याचे दात तारांत रुततात, चुकला तर कापून फेकून द्यायचा. म्हणजे मुलं शिकली की माल संपतो. असा माल कुठल्या शहाण्या माणसाने मुलांच्या हाती द्यावा? तो कटिंग चहापेक्षा स्वस्त आहे हे खरं, पण तो आणायचा तर मागणीपत्र लागतं, तीन कोटेशनं लागतात, तुलनात्मक तक्ता लागतो, खरेदी समितीची बैठक लागते, बैठकीला कोरम लागतो. एवढं होऊन पुडा येईपर्यंत ज्यांच्यासाठी मागवला ती बॅच पदवीदान समारंभात टोप्या उडवत असते. पुढच्या बॅचला तो देता येत नाही, कारण तो मागच्या वर्षीच्या बजेटमधला असतो आणि त्याचं ऑडिट व्हायचं असतं. ऑडिटमध्ये विचारतात, शंभर कनेक्टर घेतले होते, शंभर दिसत का नाहीत? मुलांनी वापरले, हे उत्तर आजवर कुणी लेखी दिलेलं नाही. त्यामुळे पुडा सील न फोडता क्रिम्परच्या शेजारी ठेवतात. यथावकाश दोघांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव एकाच टिपणीत वर जाईल.

तोवर सर डेमो देतात. म्हणजे फळ्यावर केबल काढतात. सरांनाही बोल लावता येत नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही मार्चअखेर मिळाले तर, आणि ते स्वतः याच कपाटाबाहेर उभे राहून पदवीधर झालेले आहेत.

मग येतो सिम्युलेटर. पडद्यावर दोन कम्प्युटर ओढायचे, मधे स्विच ठेवायचा, वीज पडल्यासारखं चिन्ह दाबलं की योग्य ती केबल आपोआप लागते आणि हिरवे त्रिकोण उगवतात. वीस राउटरांचं जाळं घरबसल्या मांडून बघायला हे उत्तम साधन आहे, यात वाद नाही. पण पडद्यावरची केबल उंदीर कुरतडत नाही. ती फॉल्स सीलिंगमधून ओढावी लागत नाही, तिच्यासाठी शिडी धरायला कुणी लागत नाही, ती शंभर मीटरपलीकडे नेली म्हणून रुसत नाही. आणि मुख्य म्हणजे तिच्यात जोडी फुटत नाही.

ही जोडी फुटण्याची गंमत जर्नलमध्ये नाही, म्हणून सांगतो. केबलमधल्या आठ तारा एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्यांमध्ये असतात. पीळ शोभेचा नसतो, त्यामुळे बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा विद्युत गोंगाट मारला जातो. म्हणून कनेक्टरपाशी तो अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही, आणि यंत्र तिसरी आणि सहावी जागा एकाच जोडीची धरतं, म्हणून हिरव्या जोडीतली एक तार तिसऱ्या जागी आणि दुसरी सहाव्या जागी, असा तिरपागडा क्रम असतो. नवशिक्या मुलाला तो विचित्र वाटतो. तो हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा असा नीटनेटका लावतो, दोन्ही टोकांना तसाच. टेस्टरला जोडतो. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागतात. आणि वेगाचं काम सुरू झालं की लाइन मान टाकते. साधा टेस्टर फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोहोचली का एवढं बघतो. पीळ कुणाचा कुणाशी होता, हे त्याला कळत नाही. हे एकदा स्वतःच्या हाताने चुकल्याशिवाय डोक्यात जात नाही, आणि चुकायला कनेक्टर लागतो, जो ऑडिटमध्ये दिसला पाहिजे.

मग ज्या कॉलेजात नेटवर्क शिकवतात, तिथलं नेट बंद पडल्यावर कोण येतं? एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटातला माणूस. बारावी झालेला, सॅकच्या पुढच्या कप्प्यात मुठीचं रबर झिजलेला स्वतःचा क्रिम्पर बाळगणारा. तो स्टुलावर चढतो, दाताने केबलचं साल काढतो, बोटांनी आठ तारा सरळ करतो, 'कट्ट' असा आवाज करतो आणि खाली उतरतो. फायनल इयरची मुलं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतात. एचओडी त्याच्या कागदावर सही करतात. त्या दिवशी खात्यात खरं प्रॅक्टिकल झालेलं असतं, फक्त त्याचे टर्मवर्कला मार्क नसतात.

तीच मुलं पुढे मुलाखतीला बसतात. ऑफिसचं नेट बंद आहे, आधी काय बघाल? "फिजिकल लेयर, सर." शाब्बास. म्हणजे नेमकं काय बघाल? "सर, फिजिकल लेयर बिट्स ट्रान्समिट करतो." अहो, पण बघाल काय? शांतता. वायर लागली आहे का ते बघायचं असतं, बाळा! नेटवर्कच्या मॉडेलचे सात थर तोंडपाठ आहेत आणि पहिल्याच थरात, त्या फिजिकल लेयरमध्ये, पाय अडकलाय.

आणि या सात थरांची भक्ती तरी किती? इंटरनेटच्या आद्य जाळ्याने १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपी स्वीकारलं. सात थरांचं मॉडेल प्रमाण म्हणून छापून आलं १९८४ मध्ये, म्हणजे वरात निघून गेल्यावर मुहूर्त काढला. विचार करायची चौकट म्हणून ते शिकवा की, पण दहा मार्कांना आकृतीसह? आयपी पत्त्यांचे क्लास ए, बी, सी १९९३ मध्येच सेवानिवृत्त झाले. त्यांच्या जागी सीआयडीआर आलं, ज्यावर आज जग चालतं. आपल्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्या तिघांना दर सेमिस्टरला मुदतवाढ मिळते. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता बाप झाली, तरी 'क्लास सीची रेंज लिहा' सुटत नाही!

मला राग येतो तो इथे. बाप लाखाच्या घरात वर्षाची फी भरतो, त्यात 'लॅब डेव्हलपमेंट' असा वेगळा रकाना असतो. पदवी झाल्यावर तोच मुलगा एखाद्या दुकानाच्या माळ्यावर चालणाऱ्या क्लासला पुन्हा पैसे भरतो. तिथे भंगारातून आणलेले दोन स्विच आणि एक राउटर असतो, एसी नसतो, आणि पहिल्याच दिवशी सर त्याच्या हातात क्रिम्पर देतात. चार वर्षं ज्यांनी तो दिला नाही, ते मग त्याची नोकरी आपल्या प्लेसमेंटच्या फलकावर लावतात, हसऱ्या फोटोसकट. ही लबाडी आहे, आणि तिला 'साधनांची कमतरता' म्हणणं ही दुसरी लबाडी.

तेव्हा यंदाच्या ओरलला येणाऱ्या एक्स्टर्नल परीक्षकांना एक विनंती. जर्नल उघडू नका. क्रिम्पर आपल्या खिशातून आणा, काही शे रुपयांत मिळतो. सोबत हातभर केबल आणि दोन कनेक्टर. पण मुलाला बोलवण्याआधी ते टेबलापलीकडच्या सरांना द्या, मग एचओडींना द्या, मग अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना एकेक करून बोलवा. निकाल तेवढा कळवा. मुलांचा नको, तो आम्हाला माहीत आहे, साठपैकी साठ.