मी, इनॅक्टिव्ह

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी करावं, असं सौ.चं मत. ते घराबाहेर करावं, हे तिनं नंतर सांगितलं. म्हणून डॅलसजवळच्या आमच्या प्लॅनोत मी रिअल इस्टेट एजंट व्हायचं ठरवलं. घरं दाखवण्यात काय अवघड? आल्यागेल्या पाहुण्याला मी आमचं घर गॅरेजसकट दाखवतोच.

टेक्सस राज्याला ही पात्रता पुरत नाही. एजन्सीचा कायदा, करार, कर्ज असा 180 तासांचा अभ्यास, मग परीक्षा, बोटांचे ठसे. एवढं झाल्यावर सरकारी वेबसाइटवर माझ्या नावापुढे शब्द उमटला: 'इनॅक्टिव्ह'. सौ. म्हणाली, "यासाठी परीक्षा कशाला? मी लिहून दिलं असतं."

एखाद्या ब्रोकरनं स्पॉन्सर केल्याशिवाय नव्या एजंटला इथे धंदा करता येत नाही. कमिशन ब्रोकरमार्फतच मिळतं आणि एजंटच्या उद्योगांना जबाबदारही ब्रोकरच. एवढी जोखीम घेणारा माणूस पारखून घेणारच, म्हणून मी सूट चढवला, शिफारसपत्रं जमवली. 'तुमच्यातली उणीव कोणती?' या प्रश्नासाठी सौ.नं यादीच दिली.

ब्रोकरनं फाइल उघडलीसुद्धा नाही. "ओळखीचे किती?" एवढंच विचारलं. मंडळाच्या गणपतीची वर्गणीची यादी माझ्याकडे आहे म्हणताच त्यानं हात मिळवला आणि त्याच हातानं क्रेडिट कार्ड मागितलं. पगार नाहीच. उलट एमएलएस या विक्रीच्या घरांच्या डेटाबेसची फी, एजंटांच्या असोसिएशनची वर्गणी, टेबलाचं भाडं, सगळं माझ्याकडे. घर विकलं गेलं तर कमिशनचे सत्तर टक्के माझे. शून्याचे सत्तर टक्के मी तोंडी काढू शकतो. ट्रेनिंगचं विचारलं, तर व्हिडिओंची लिंक आली. आयुष्यात मला इतक्या झटपट कुणी पसंत केलं नव्हतं. सौ.नंसुद्धा आठवडा घेतला होता.

यादीतल्या निम्म्यांचे एजंट ठरलेले होते. उरलेले स्वतःच एजंट होते. सख्ख्या मेहुण्यानं शेजारच्या फ्रिस्कोत दुसऱ्याकडून घर घेतलं. "भावजी, तुम्हाला कशाला त्रास!" वास्तुशांतीला खुर्च्या लावायला मात्र मीच.

त्यात ब्रोकर स्वतःच्या लायसन्सचं नूतनीकरण करायला विसरला. इथे ब्रोकरचं लायसन्स संपलं की त्याच्या हाताखालचे सगळे एजंट इनॅक्टिव्ह. माझ्या धंद्यावर परिणाम झाला असं म्हणवत नाही. त्यासाठी आधी धंदा असावा लागतो.

आता नवा ब्रोकर मिळाला आहे. त्यानंही लगेच पसंत केलं. पहिल्या नूतनीकरणाआधी आणखी 90 तासांचा अभ्यास उरकायचा आहे. तोवर प्लॅनोच्या आसपास घर घ्यायचं असेल तर कळवा. नुसतं बघायचं असलं तरी चालेल. फक्त घर दाखवण्याआधी आता लेखी करार लागतो, तेवढी सही करून टाका.