जिमखान्याच्या कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी

अभिनंदन! अकरा जागांसाठी अकराच अर्ज आले, म्हणून तुम्ही बिनविरोध निवडून आलात, हे बाहेर फार बोलू नका. जिमखाना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत 90 दिवसांच्या आत बदल अर्ज टाका आणि नियम करायला बसा. नळ गळतोय, टेबल टेनिसची जाळी फाटलीय, ते नंतर बघता येईल.

आधी सभासदांचे वर्ग पाडा. आश्रयदाते, आजीव, सर्वसाधारण, कौटुंबिक, विद्यार्थी, तात्पुरते. अर्जावर सूचक आणि अनुमोदक हवेतच, आणि दोघेही किमान पाच वर्षांचे सभासद हवेत. म्हणजे ज्याची कुणाशी ओळख नाही तो आपोआप गळतो, आणि तुम्हाला कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. आजीव सभासदांच्या वाटेला जाऊ नका. कोण्या एके काळी 501 रुपये भरून ही मंडळी आत आली. आता दुपारभर पंख्याखाली रमी खेळतात आणि विजेचं बिल फार येतं म्हणून तक्रारवहीत लिहितात तेही तेच. रमीवरून कुणी कुरकुर केलीच, तर सिकंदराबादच्या एका रिक्रिएशन क्लबचा खटला पुढे करा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. न्यायमूर्तींनी आमचं टेबल पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वर्गणीवर जीएसटी का, असं सभेत कुणीतरी विचारणारच. उत्तर पाठ करून ठेवा. क्लब म्हणजे सभासदच, मग स्वतःच स्वतःला सेवा कशी विकणार, असं म्हणत कलकत्ता क्लबच्या खटल्यात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या करांतून क्लबांना सोडवलं. सरकारने 2021 च्या वित्त कायद्यात एक कलम घालून क्लब आणि सभासद निराळे ठरवले, तेही थेट 1 जुलै 2017 पासून. आपल्याकडे दोन्ही मतं चालतात. कर भरताना सभासद आणि क्लब वेगळे, कॅन्टीनचं बिल आलं की क्लब आपलाच.

आता खरं नाजूक कलम : कर्मचाऱ्यांसाठी सवलत. ती सढळ हाताने जाहीर करा. वर्गणीत 50 टक्के सूट! टाळ्या पडतात. उरलेले 50 टक्के म्हणजे वॉचमनचा दीड महिन्याचा पगार, हा हिशेब सभेत कुणी मांडत नाही. तरीही एखादा पैसे साठवून येईलच, म्हणून पोटकलमं जोडा. सवलतीची वेळ दुपारी दोन ते चार. ड्यूटीवर असताना खेळता येणार नाही. (ड्यूटी सकाळी सहा ते दुपारी चार.) सभासद पाण्यात असताना तलावात उतरता येणार नाही. आणि शेवटचं, हुकमी : सवलत फक्त कायम कर्मचाऱ्यांना. ग्राउंडमन, लाइफगार्ड, झाडूवाल्या मावशी, सगळे कंत्राटदाराचे. कायम आहेत ते एकटे हेडक्लार्क, आणि त्यांना गुडघेदुखी आहे.

हे कुणाला आखडतेपणाचं वाटलं तर परंपरेचा दाखला द्या. पुण्यात साहेबांच्या क्लबात 1890 च्या दशकात बाळू पालवणकर नावाचा चर्मकार मुलगा महिना चार रुपयांवर होता. रोलर ओढायचा, नेट बांधायचं आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. नेटमध्ये बॅट मात्र कुणी त्याच्या हातात दिली नाही. हिंदूंच्या क्लबाने त्याला संघात घेतलं, विकेटी घेतल्या, आणि चहा पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात दिला. संघात जागा दिली हीच केवढी सवलत, असं त्या कमिटीला मनापासून वाटलं असणार. याच बाळूने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. पुढे त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला, पण त्यासाठी 1923 साल उजाडावं लागलं.

तेव्हा ग्राउंडमनचा पोरगा कुंपणापलीकडे भिंतीवर चेंडू मारत बसला असेल, तर त्याच्याकडे बघू नका. निदान त्याचा बॅकफूट बघू नका, झोप लागणार नाही.

आणि बघितलाच, तर दुसराही ठराव आहे. अगदी एका ओळीचा : कर्मचारी आणि त्यांची मुलं, कायम असोत वा कंत्राटी, वर्गणी माफ, वेळ सभासदांचीच. आयत्या वेळच्या विषयांत मांडून टाका. कोरमअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग कोरमची अट उरत नाही, हे लक्षात ठेवा. सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक मात्र आधीच शोधून ठेवा, कारण ऐन वेळी सगळे वड्याच्या रांगेत असतात.