चारच कट, पाचवा नाही!

ऐकलंत का? आधी बसून घ्या, हे उभ्याउभ्या ऐकण्यासारखं नाही. आमच्या भिशीतल्या बायका, ज्यांच्यातल्या निम्म्या चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, परवा हुरडा पार्टीत आगटीभोवती बसून एका भाडोत्री मारेकऱ्याच्या केसांचं कौतुक करत होत्या. केसांचं! एका हातात गरम हुरडा, दुसऱ्या हातात शेंगा चटणी, आणि तोंडी काय, तर "वळण बघितलंस का बाई, थेट संजय दत्त!" शिव शिव.

हा माणूस म्हणजे चार कट आत्माराम. राज आणि डीके या जोडीची 'गन्स अँड गुलाब्ज' ही मालिका नेटफ्लिक्सवर ऑगस्ट 2023 मध्ये आली. सात भाग, नव्वदच्या दशकातलं गुलाबगंज नावाचं गाव, अफूचा धंदा आणि त्यात हा सुपारी घेऊन फिरणारा गृहस्थ. चाकूचे मोजून चार घाव घालतो. तीन नाही, पाच नाही. ज्या घरात मालिका उशिरा पोचली तिथे ताप अजून उतरलेला नाही आणि सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी विचारतात, "तुम्ही बघितलं का ओ?"

आता खरी गंमत ऐका. आपल्या गावात तीन भाषा नांदतात, त्यामुळे एका खुन्यावर तीन दावे पडलेत. पूर्व भागातले तेलुगू भाषक म्हणतात, राज आणि डीके दोघंही मूळचे आंध्रातले, तेव्हा मालिका आमची. कन्नड शेजारी लगेच सरसावतात. आत्माराम झालेला गुलशन देवैया बेंगळुरूचा, म्हणजे मारेकरी आमचा. (किती अभिमानाने सांगतात! जणू पोरगा यूपीएससी पास झालाय.) मराठी माणसाच्या वाट्याला काय उरलं? नाव. आत्माराम! 'तारक मेहता'तल्या भिडे मास्तरांचं नाव काय? आत्माराम तुकाराम भिडे. गोकुळधामच्या सेक्रेटरीचं नाव लावून हा माणूस मुडदे पाडतो आणि आमच्याकडचे आजोबा खुशाल सांगतात, "शिस्त बघ, शिस्त. शेवटी आत्मारामच तो!"

मला वाटलं होतं, लोक निदान थोडे तरी हळहळतील. मालिकेतल्या टिपूच्या बापाला हा आत्माराम सुरुवातीलाच संपवतो आणि मेकॅनिक असलेला टिपू हातातल्या पान्यानेच दोघांना लोळवतो. घराघरांत 'अरेरे' व्हायला हवं होतं की नाही? पण नाही. तक्रारी आहेत त्या सगळ्या कामाच्या दर्जाबद्दल. गाव पडलं कारागिरांचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार मला म्हणाले, "माल हातात घेतला की कारखाना ओळखू आला पाहिजे. चार कट म्हणजे त्याचं लेबल आहे बे." सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहेच, आता या चार घावांनाही घ्या म्हणावं! त्यांच्या जॉबरला मात्र टिपूचा राग. पाना हे अवजार आहे, त्याने मशीन दुरुस्त करायचं, असलं काही करायचं नाही, असं त्याचं म्हणणं. माणसाच्या डोक्याचं काय झालं, यावर चकार शब्द नाही. आणि एक निवृत्त इंग्रजीच्या बाई! टिपूला शाळेतल्या मास्तरणीसाठी इंग्रजीत प्रेमपत्र हवं असतं आणि ते तो एका विद्यार्थ्याकडून लिहून घेतो, यावर त्या भडकल्यात. सगळ्या मालिकेत त्यांना खटकलेला गुन्हा हा एवढाच.

या रोगाची लागण जुनी आहे. 2018 च्या ऑक्टोबरात 'अंधाधुन' आला. खून, अवयवांचा बाजार, गॅलरीतून ढकललेली शेजारीण, आणि हे सगळं पुण्यात! सोलापूरकरांना झालेला आनंद काय वर्णावा. "शांत शहर म्हणे! बघा." शेवटी आयुष्मान खुराना खरं बोलतो की खोटं, आणि तो ससा नेमका होता तरी का, यावरून एका जावयाने सासऱ्यांशी अबोला धरला होता. मग 2021 मध्ये तेलुगूत त्याचाच रिमेक 'मॅस्ट्रो' आला आणि पूर्व भागात नवी फाळणी झाली. तब्बूच्या जागी तमन्ना. माझं मत विचाराल तर तब्बूच. तमन्ना खून करताना सुंदर दिसते, तब्बू खून करताना गृहिणी दिसते. भीती कशाची वाटायला हवी ते तुम्हीच ठरवा.

ज्या पिढीला आत्ता मुलांच्या स्क्रीनची काळजी वाटते, ती स्वतः 1993 मध्ये 'झपाटलेला' बघून तात्या विंचूला घाबरून पांघरुणात शिरली होती. तोही गुंडच! महेश कोठारेंनी त्याचा आत्मा बाहुल्यात घातला, दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, आणि गावोगाव पोरं 'ओम फट् स्वाहा' करत सुटली. आज त्याच पोरांच्या डोक्यावर टक्कल आहे आणि ते विचारतात, "ही आजकालची पिढी खुनाला हसते कशी?"

हसते, कारण मालिकेतलं गुलाबगंज काल्पनिक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 2016 मध्ये 'सैराट' केला, करमाळ्याच्या मातीत. त्यातलाही शेवट खुनाचाच आहे. त्या वेळी थिएटरमधून बाहेर पडताना कुणी घाव मोजले नव्हते. त्या सिनेमातली माणसं ओळखीची होती, एसटीत शेजारी बसणारी. यावर भिशीत कुणी बोलत नाही, आणि मीही विषय काढला नाही.

त्यापेक्षा चालू वाद बरा. आत्माराम आणि 'अंधाधुन'मधली सिमी, म्हणजे तब्बू, समोरासमोर आले तर कोण जिंकेल? पुरुष मंडळी एकमुखाने आत्मारामच्या बाजूची. त्याचा अनुभव, त्याची सफाई वगैरे. बायकांनी हसून सोडून दिलं. आमच्या खजिनदारबाई तेवढ्या बोलल्या. "सिमी खेकड्यांना आधी फ्रीजरमध्ये गाढ झोपवते आणि मग उकळत्या पाण्यात सोडते. आत्माराम आला तर ती त्याला आधी जेवायला वाढेल. दुसरा कट मोजायला तो शुद्धीवर असेल का, ते विचारा." त्यावर त्यांचे यजमान काही बोलले नाहीत. ताटातलं पिठलं मात्र त्यांनी आधी दुसऱ्याला चाखायला दिलं.