वरनं दाबलंय

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो बहुधा कुर्डुवाडीत गाडी बदलायला उतरला असावा. मुंबई-चेन्नईची लोहमार्गाची वाट इथनंच जाते, पंढरपूर-मिरजेचा रूळ इथनंच फुटतो आणि बार्शी-लातूरचाही. जंक्शन म्हणजे अख्ख्या टापूचं नाक. त्यामुळं उसाचा दर असो, आरक्षण असो की एखाद्या एक्स्प्रेसचा थांबा, निवेदनाची शेवटची ओळ ठरलेली : ‘अन्यथा रेल रोको छेडण्यात येईल.’ मग नाक दाबलं जातं, तोंड उघडतं, त्यातनं आश्वासन बाहेर पडतं, त्याचा फोटो निघतो आणि मंडळी चहाला जातात. पुढं त्या आश्वासनाचं काय होतं? तेही दाबलं जातं.

कुणाकडनं, हे मात्र विचारायचं नाही. मराठीत कर्ता रजेवर असतानाही ज्याचं काम बिनबोभाट चालतं असं क्रियापद म्हणजे ‘दाबणे’. प्रकरण दाबलं, फाईल दाबली, बिल दाबलं, शेजाऱ्याचा बांध दाबला. कर्म समोर आडवं पडलेलं, क्रिया झालेली, आणि दाबणाऱ्याचा पत्ता नाही. फारच खोदून विचारलं तर उत्तर येतं, “आवं, वरनं दाबलंय.” हा ‘वर’ कुठल्या मजल्यावर बसतो ते शिपायालाही ठाऊक नसतं, आणि शिपायाला ठाऊक नाही अशी गोष्ट हापिसात फार क्वचित असते.

गंमत अशी, की चांगल्या कामासाठी दाबलं तर नाव लगेच कळतं. सुनेनं सासूचे पाय दाबले तर संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी. पुंडलिकानं आईबापाचे पाय दाबले, त्याचं नाव तर शतकानुशतकं पंढरीच्या वाटेवर दुमदुमतंय. त्याच पुंडलिकानं साक्षात देवाला ताटकळत ठेवलं, हे खरं. पण उभं राहायला वीट तरी फेकली. आपल्याकडं सात-बारावर नाव लावायला गेलेल्या म्हाताऱ्याला विटेचाही मान मिळत नाही. तो जिन्याला टेकून उभा असतो आणि आतनं आवाज येतो, “सायब मीटिंगला गेल्यात, सोमवारी या.”

सरकारला हे कळत नाही असं नाही. 2005 साली महाराष्ट्रात कायदाच झाला : कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल कामाचे सात दिवस उलटूनही पडून राहता कामा नये. दफ्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात त्याला. कायदा वाचून हापिसं घाबरली असतील असं ज्याला वाटतं त्यानं कधी हापिस पाहिलेलं नाही. सातव्या दिवशी फाईल शेजारच्या टेबलावर सरकते, ‘अभिप्रायार्थ सादर’. त्या टेबलाचे सात दिवस भरले की ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’. फाईल एकानंही दाबलेली नसते. ती आपली फिरत असते. वारकरी तरी आषाढीला पोचतो.

उसाचंही तसंच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. पंधरावा दिवस उजाडतो, पन्नासावाही उजाडतो. शेतकरी मुद्दल मागतो तेच अदबीनं, हात जोडून. व्याज मागणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. पाहिला असता तर त्याला हार घातला असता. कारण पुढच्या हंगामात तोड कधी द्यायची हे ज्याच्या हातात, त्याच्याकडंच व्याज मागायचं असतं. नाक कुणाचं आणि बोट कुणाचं, हे इथं नीट बघून घ्यावं.

दाबाचा चोख हिशोब ठेवणारा एक माणूस कुर्डुवाडीशी जोडलेला होता, पण तो साहेब निघाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं तेव्हाची गोष्ट. 1897 साली त्याची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्याचा नियम साधा होता : इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसाचा रुळावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. म्हणजे कोण, कुणाला, किती दाबणार हे आधीच कागदावर मांडलेलं. आता रूळ रुंद झाले, भार वाढला आणि हिशोब ‘वर’ गेला.

बांधाचं तेवढं सांगतो आणि थांबतो. भावकीतला वाद. एकाचं म्हणणं, दरसाल नांगराचा एकेक तास घालून त्यानं माझं रान दाबलं. दुसऱ्याचं म्हणणं, बांधच सरकला. बांध सरकतो, हा शोध आपल्याकडं जुनाच आहे. मोजणीचा अर्ज झाला, पैसे भरले, तारखा पडल्या. मोजणीवाले साहेब अखेर आले ते नेमके हुरड्याच्या दिवसांत. एकानं इकडं आगटी पेटवली, दुसऱ्यानं तिकडं. गोवऱ्यांचा धूर, शेंगाचटणी, गूळ, दही दोन्हीकडं. आता एकाच्या आगटीला बसावं तर दुसरा म्हणणार, दाबलं साहेबाला. साहेब अनुभवी. त्यांनी वादातल्या बांधावरच बैठक मारली. बांध इतका कोरलेला, की मांडी मावेना. मग एक गुडघा या रानात, एक त्या रानात, आणि दोन्हीकडचा हुरडा त्यांनी दाबून खाल्ला. हात धुता धुता म्हणाले, “ऊन झालं. दगड फुडच्या तारखेला रोवू.”