ताण घेणारी बाजू

डोझरचा वायर रोप बदलायचा होता, त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशात व्हर्निअर टाकून गेलो. जन्मभर पॉलिटेक्निकात मशीन डिझाइन शिकवलं. निवृत्तीनंतर ऐकणारं माणूस मिळत नाही. मामेभावाचा डोझर मात्र जागचा हलत नव्हता. असा श्रोता सोडतो कोण?

डोझर जुन्या घराण्यातला. पातं हायड्रॉलिकवर नाही, विंचच्या रोपवर उचलायचं. हायड्रॉलिकवाले पातं जमिनीत दाबतात. आमचं नुसतं सोडता येतं. पुढे पात्याचं वजन आणि जमिनीची मर्जी. रोपला जागोजागी तुटक्या तारांची कुसळं आली होती, पण मामेभावाचं पालुपद ठरलेलं : "दादा, काढेल की अजून एक सीझन!"

"मिस्त्री, जाडी मोजायची ती पेडांच्या माथ्यावर, खाचेत नाही," मी व्हर्निअर काढला. मिस्त्रींनी चिंधी रोपवरून फिरवली. ती अडकत अडकत, फाटत गेली. "गेलाय," ते म्हणाले. मी अजून दशांशचिन्हापाशीच होतो.

इथे मला विल्हेल्म आल्बर्ट सांगणं भाग आहे. (घरी हे नाव काढलं की मंडळी ताटं उचलतात.) जर्मनीतल्या हार्झ डोंगरातला हा खाण-अधिकारी. तोवर खाणीत एक तर हेम्पचे दोर, ते ओलीनं कुजायचे. नाही तर लोखंडी साखळ्या. साखळीची एक कडी तुटली की संपलं, आधी चाहूल नाही. 1834 मध्ये क्लाउस्टालला या गृहस्थानं 3.5 मिलिमीटरच्या 4 तारांचा एक पेड, असे 3 पेड हातानं पिळून रोप केला. एक तार तुटली तरी 11 शिल्लक. शिवाय तुटलेलीही पिळात दबून थोडं पुढे पुन्हा कामाला लागते! आपल्याकडे सर्रास मिळतो तो 6 पेडांचा, पेडात 19 तारा, मधे ग्रीस प्यालेला गाभा. पण अक्कल तीच. खंडेनवमीला या माणसाचा फोटो…

"सर, हे टोक धरता का जरा?" मिस्त्री म्हणाले. समई लावायला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यासारखा मी पुढे झालो. शर्टाचं जे व्हायचं ते झालं.

पण खंडेनवमीवरून आठवलं. त्या दिवशी डोझरला हातभर हार, नारळ, पेढे, फोटो, सगळं होतं. पैसे कमी पडतात ते रोपलाच. तुटायच्या आधी तार-तार करून सांगणं हाच तर त्याचा गुण, आणि आपण त्याला म्हणतो, काढ अजून एक सीझन. ताणात तुटलेल्या रोपचं टोक चाबकासारखं मागे येतं. मागचा ड्रम आणि पुढचं पातं यांच्या मधे जो बसतो तो रोजावरचा ऑपरेटर. त्या सीटवर मामेभाऊ बसत नाही. मीही बसत नाही.

असो. पात्याकडचे क्लॅम्प मी जातीनं तपासले. बसका भाग ताण घेणाऱ्या बाजूवर हवा, यू बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं झालं तर यू ताणाची बाजूच चेमटवतो. सगळे बरोबर होते. काम इतकं बरोबर असलं की शिकवणाऱ्याची फार कुचंबणा होते.

संध्याकाळी मामेभाऊ आला. "जुना रोप कुठाय? ट्रॉली ओढायला झाला असता." मिस्त्रींनी गॅस कटरनं केलेल्या वीत-वीत तुकड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, लोड दिल्यावर रोप बारीक होतो; नट परत आवळायला लागतील ना?"

त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. मी आल्बर्टपासून सुरुवात केली.